बिनबटणाचा खण

दुकानातून वस्तू लपवून बाहेर नेणाऱ्याला चोर म्हणतात. लपवून आत नेणाऱ्याला काय म्हणतात, मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी मी आणि माझ्या सासूबाई तेच करायला निघालो होतो. माझ्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेलं, माझ्या नवऱ्याच्या स्वेटरचं एक तपकिरी बटण होतं. ते त्याच्या घराण्याच्या जुन्या दुकानातल्या एका खणात ठेवून यायचं होतं. दुकान आता आमचं राहिलेलं नव्हतं. खण तरी राहिलाय का, ते बघायचं होतं.

नवरा थंडी पडायच्या सुमारास गेला. जेवून खुर्चीत बसला, डुलकी लागली, ती लागलीच. मी भांडी आवरत होते. तेव्हापासून मला काही म्हणजे काही वाटलेलं नाही. रडू आलं नाही, झोप उडाली नाही, भूक मेली नाही. लोक भेटायला यायचे बंद झाले तशी मी कामावर हजर झाले. रक्त तपासायच्या लॅबमध्ये असते मी. दंडाला पट्टा बांधायचा, शीर शोधायची, 'थोडंसं दुखेल हं' म्हणायचं आणि सुई घालायची. पूर्वी ते म्हणताना माझंच तोंड जरा वाकडं व्हायचं म्हणे. आता होत नाही, असं शेजारच्या टेबलावरची म्हणाली. नणंदबाईंनी तर फोनवर फोन करून सगळ्या नातलगांना कळवलं की वहिनी दगड झालीय. मला त्याचंही काही वाटलं नाही, म्हणजे त्यांचं खरंच असावं.

सासूबाई मात्र मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या फक्त रोज सकाळी चहाचा कप खाली ठेवताना विचारायच्या, "मग? लंबूचं बटण कधी ठेवायचं?"

लंबू म्हणजे माझा नवरा. सगळं घराणं बुटकं आणि हा एकटा ताडमाड. दुकानातले सगळ्यात वरचे खण शिडी न लावता काढायचा, म्हणून त्याच्या वडिलांनी ठेवलेलं नाव. ते शेवटपर्यंत चिकटलं.

आता हे बटणाचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. परक्याला सांगायचं नाही अशी घरची शिस्त होती. पण दुकानच परक्याचं झाल्यावर गुपित कुणासाठी सांभाळायचं?

सासऱ्यांच्या आजोबांनी भर बाजारपेठेत बटणांचं दुकान काढलं. बटणं, रिळं, हूक, लेस, इलॅस्टिक. शिंप्यांचा आणि घरात शिवणाऱ्या बायकांचा दिवसभर राबता. एका बाजूची भिंत जमिनीपासून छतापर्यंत नुसती लाकडी खणांची, आणि प्रत्येक खणाच्या तोंडावर आतल्या मालातलं एकेक बटण तारेनं बसवलेलं. वाचायला यायची गरज नाही. बोट दाखवायचं आणि म्हणायचं, ते द्या. फक्त अगदी खालच्या ओळीत, कोपऱ्यात, एक खण बिनबटणाचा होता. त्यातलं काही विकायचं नव्हतं, म्हणून त्याला नमुना नव्हता.

घरातलं माणूस गेलं की त्याच्या रोजच्या कपड्याचं एक बटण कापून त्या खणात ठेवायचं. का, तर बटणांच्या धंद्यात पट्टीवरचं एक हरवलं की उरलेली सेट म्हणून खपत नाहीत. ती सुटी होतात. घराचंही तेच, असं त्या मूळपुरुषाचं म्हणणं. सेट मोडला की मोडला म्हणावं, दुसरं आणून जुळवत बसू नये. आणि हे बाहेर बोलायचं नाही, यात काही गूढ नव्हतं. मेलेल्यांची बटणं ठेवणाऱ्या दुकानात लग्नाच्या कपड्यांना बटणं घ्यायला कोण आलं असतं? आधी धंदा, मग शोक.

लग्न होऊन मी आले, तेव्हा एकदा दुपारी गिऱ्हाईक नसताना नवऱ्याने मला तो खण उघडून दाखवला. खण मोठा, बटणं थोडी. ओढला की सगळी मागून पुढे घरंगळत यायची. तो एकेक उचलून ओळख करून देत होता. हे पणजोबा. ही थोरली आजी. हे काका, काका म्हणजे कोटाचं दांडगं काळं बटण, चार भोकांचं. आणि ही ताई. ताई म्हणजे शिंपल्याचं पांढरं बटण, करंगळीच्या नखाहून लहान, दोन भोकांचं. ताई नवऱ्याच्या आधीची, रांगायच्या आतच गेलेली. मी नव्या नवरीच्या अदबीने प्रत्येकाला मान तुकवली, तर हा हसत सुटला. "काकांना कशाला? ते जिवंतपणीसुद्धा कुणाला ओळख देत नसत."

पुढे तयार कपड्यांचे दिवस आले. दुकान आधी रोडावलं, मग सासरे गेले, मग ते बंदच झालं. जुन्या वास्तू जपणाऱ्या एका संस्थेने ते घेतलं. जसंच्या तसं ठेवू, म्हणाले, फक्त आत भेटवस्तू विकू. किल्ल्या द्यायच्या दिवशी मी नवऱ्याला म्हटलं, त्या खणातली बटणं घरी आणू या. "राहू देत," तो म्हणाला. "सगळी दुकानातली माणसं. घरी बसून काय करतील?" संस्थेच्या लोकांना त्याने काही सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती कुणाला. त्यानंतर कधी त्या रस्त्याने जायची वेळ आली तर तो समोरच्या फुटपाथवरून जायचा.

मी आधी रीतसर फोन केला होता. तुमच्याकडच्या एका खणात एक जुनं बटण ठेवता येईल का, विचारलं. पलीकडचे साहेब फार गोड बोलले. "जतन केलेल्या वस्तूंमध्ये बाहेरून भर घालता येत नाही, मॅडम." बटण कुणाचं, ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही ताकाला जाऊन भांडं लपवलं. सासूबाईंना हे कळल्यावर त्या भडकल्याच. "विचारायला कुणी सांगितलं होतं? स्वतःच्या घरात शिरायला परवानगी?" सुंभ जळला तरी पीळ जात नाही. मग बेत त्यांनीच ठरवला. त्या दुकानातल्या माणसाला बोलण्यात गुंतवतील, तेवढ्यात मी खण उघडीन. "मला वाकता येत नाही, नाहीतर तुला कशाला सांगितलं असतं?"

टॅक्सी रस्त्याच्या तोंडाशीच थांबली. आत आता गाड्या सोडत नाहीत. दोन्ही बाजूंना कॉफीची दुकानं, कुंड्या, बाकं. वारा बोचरा होता. सासूबाई माझा दंड धरून चालत होत्या. त्यांना अगदी डोळ्यांपाशी धरलं तर दिसतं. लांबचं नाही आणि लिहिलेलं तर नाहीच.

बाहेरची पाटी तीच होती, रंग नवा. दारावरची घंटी तीच. आत पाऊल टाकलं आणि सासूबाई थबकल्या. या जागेला नव्या कापडाचा आणि मशीनच्या तेलाचा वास असायचा. आता कुठेतरी सुगंधी मेणबत्ती जळत होती.

"हे फुलांचं दुकान कुठलं?" त्या कुजबुजल्या. त्यांचं कुजबुजणं म्हणजे इतरांचं बोलणं.

"आपलंच आहे, आई. चला."

खणांची भिंत जागेवर होती, पॉलिश करून चकाकत होती. तिच्यापुढे मांडण्याच मांडण्या. भिंतीचं चित्र छापलेले कप. बटणाच्या आकाराचे साबण, बटणाच्या आकाराच्या बशा, फ्रीजवर चिकटवायची बटणं, बटणांच्या नक्षीचे मोजे. बटण सोडून बटणाचं सगळं होतं.

सासूबाई सवयीने थेट गल्ल्याकडे निघाल्या आणि आत जायची फळी उचलायला हातही घातला. काळा एप्रन घातलेली एक मुलगी लगबगीने आली.

"आजी, आजी, तिकडे नाही हं. तिकडे फक्त स्टाफ."

मला वाटलं, संपलं. आता या सगळी वंशावळ काढणार. पण त्या मुकाट वळल्या. "बरं बाई. बसायला तरी दे काहीतरी." मुलीने गिऱ्हाइकांसाठीचं जुनं लाकडी स्टूल पुढे ओढलं. सासूबाई लग्न झाल्यापासून किती वेळा या दुकानात आल्या असतील, त्याला गणती नाही, पण त्या स्टुलावर कधी बसल्या नव्हत्या. बसून त्यांनी इकडेतिकडे मान फिरवली.

"या बाजूने केवढंसं दिसतं गं दुकान," त्या म्हणाल्या.

त्यांच्या हाताशी उशांची चळत होती. अभ्र्यावर एक जुना फोटो छापलेला. गल्ल्यामागे उभा, गळ्यात टेप टाकलेला, मिशीवाला माणूस. माझे सासरे. सासूबाईंनी उशी डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली, मग पुन्हा जवळ नेली.

"जन्मात दुपारचे कधी आडवे झाले नाहीत," त्या अखेर म्हणाल्या, "आणि आता बघ. उशीच झाले."

"छान आहे ना, आजी?" एप्रनवाली म्हणाली. तिला वाटलं उशी पसंत पडली. "खूप खपतात या. जुन्या काळचे दुकानदार आहेत ते."

"असं का?" सासूबाई म्हणाल्या. "बरे आहेत दिसायला." त्यांनी उशी मांडीवर घेतली ती घेतलीच. मग माझ्याकडे तोंड करून खाकरल्या. ही आमची ठरलेली खूण. ती इतकी मोठी झाली की मुलगी पाणी आणू का विचारायला लागली.

"पाणी नको. मला काळ्या कोटाची बटणं दाखव."

"बटणं नाही ठेवत आम्ही, आजी. मॅग्नेट आहेत बघा बटणांचे."

"ते कोटाला लागतात?"

"नाही, फ्रीजला."

"फ्रीजला थंडी वाजते का गं?"

मुलगी खरंच चांगली होती. ती हसली, चिडली नाही, आणि मॅग्नेट दाखवायला लागली. मी सटकले.

कोपऱ्यात कापडी पिशव्यांचा फिरता स्टँड उभा केला होता, त्याच्या मागे अंग चोरून गेले. छताला कॅमेरा होता. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं तो माझ्याकडेच बघतोय. खाली उकिडवी बसले आणि खण ओढला. घरंगळण्याचा आवाज आला नाही. खण जड होता, काठोकाठ भरलेला. लाल, पिवळी, निळी, चकचकीत प्लॅस्टिकची बटणं. खण चुकला की काय, म्हणून मी वरखाली पाहिलं. पण चुकायला वावच नव्हता. सगळ्या भिंतीत बिनबटणाचा खण एकच. कुणीतरी फालतू माल भरून ठेवला असेल, असं म्हणून मी रुमाल सोडला आणि नवऱ्याचं बटण त्या रंगीबेरंगी ढिगावर ठेवलं. वरच्या वर बरं दिसेना, म्हणून बोटाने खाली सारलं. खण लावला.

झालं. इथे काहीतरी वाटायला हवं होतं. मी तशीच बसून जरा वाट पाहिली. गुडघा दुखायला लागला, तेवढंच.

उठले तर डोळ्यांसमोर पाटी. पिशव्यांच्या आड होती म्हणून येताना दिसली नव्हती. 'नशिबाचा खण', वर मोठ्या अक्षरांत. खाली: 'डोळे मिटा, एक बटण काढा, नशीब घरी न्या. एका व्यक्तीला एकच.' त्याखाली कोणत्या रंगाचा काय अर्थ, त्याचा तक्ता.

मी ती पाटी पुन्हा पुन्हा वाचली. कळायला अवघड काहीच नव्हतं. भिंतीत एकच खण बिननमुन्याचा, आत निरनिराळी सुटी बटणं, आणि ती कुणाची हे सांगणारं कुणी नाही. कुणाच्याही डोक्यात हेच आलं असतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तोंड मिटून बसलो, त्यांनी आपलं डोकं चालवलं. जुनी संपत आली तसा वरून प्लॅस्टिकचा माल ओतला. त्यांना काय म्हणून दोष द्यायचा?

"हाच ना तो नशिबाचा?" मागून आवाज आला. पाठीवर सॅक अडकवलेलं एक जोडपं. मी बाजूला सरले. बाईने डोळे घट्ट मिटले, खणात हात घातला, हसत हसत ढवळला आणि गुलाबी प्लॅस्टिकचं बटण वर काढलं. "प्रेम!" ती तक्ता वाचून म्हणाली. "आता तू."

तिच्या नवऱ्याने हात घातला. त्याच्या हाताला लागलं ते दांडगं, काळं, चार भोकांचं.

"अरे, हे तर चांगलं जुनं आहे!" त्याची बायको म्हणाली. "तुझ्या कोटाला लावू आपण. काळा म्हणजे काय? नोकरीत बढती."

काका जन्मभर सासऱ्यांच्या हाताखाली लेस मोजत राहिले. त्यांना कुणी कधी बढती दिली नव्हती. त्या माणसाने बटण अंगठ्यावर उडवून झेललं आणि खिशात टाकलं. पैसे दिले. दारावरची घंटी वाजली. काका गेले. कुणाला ओळख न देता.

मी एक शब्द बोलले असते तर ते थांबले असते. भली माणसं होती. पण पाठीमागे सासूबाई मांडीवर उशी घेऊन बसल्या होत्या आणि त्यांना ऐकू चांगलं येतं. मी बोलले असते तर त्यांना कळलं असतं की त्यांची ताई इतकी वर्षं तिकिटावर काढायला ठेवलीय. लॅबमध्ये हातात वाईट रिपोर्ट असला तरी चेहरा कोरा ठेवून पाकीट द्यायचं असतं. ती सवय कामाला आली.

मग माझ्या डोक्यात आलं की उद्या कुणीतरी असंच हसत हसत येईल आणि माझ्या नवऱ्याला काढून नेईल. फ्रीजवर लावेल, पिशवीला लावेल, गाडीत टाकून विसरेल. आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला काहीतरी वाटलं. दुःख नव्हे. तो माझा आहे, असं वाटलं. बाकी काही नाही, एवढंच. दुकानात खेळण्याला मिठी मारून बसलेल्या पोराला वाटतं तसं. घराण्याचा असेल, आईचा असेल, पण आधी माझा. मी खाली बसून खण ओढला आणि दोन्ही हातांनी बटणं उपसायला लागले.

"मॅम! मॅम, बघून नाही हं!" एप्रनवाली धावत आली. "डोळे मिटून काढायचं. बघून काढलं तर नशीब कसलं?"

"काय झालं गं तिकडे?" सासूबाईंनी स्टुलावरून विचारलं.

"काही नाही, आई. पिशव्या बघतेय."

मुलीने बटणं परत आत लोटली, वरून तळहाताने सारखीही केली. "हं. आता मिटा डोळे."

मी डोळे मिटले. एका परीने ते माझ्या पथ्यावरच पडलं. शीर डोळ्यांना दिसत नाही, बोटांना लागते. माझी अर्धी नोकरी त्यावर चालते. नवऱ्याचं बटण मीच शिवलेलं होतं, दुहेरी धाग्याने, गाठी मारून मारून. बटणवाल्यांच्या घरात बटण शिवायला एकालाही येत नव्हतं. कापताना मी धागा काढलाच नव्हता, मन झालं नव्हतं की आळस, कोण जाणे. आता बोटं धागा शोधत होती. प्लॅस्टिक, प्लॅस्टिक, प्लॅस्टिक. मग एक गार लागलं. करंगळीच्या नखाहून लहान. दोन भोकं.

मी ते अंगठ्यात धरून ठेवलं आणि उरलेल्या बोटांनी शोधत राहिले. खाली, अगदी कडेला, धागा लागला. दोन्ही मुठीत घेतली आणि डोळे उघडले.

"दोन घेते," मी म्हटलं. "दोन्हीचे पैसे देते."

"नाही, मॅम. एकाला एकच." ती मनापासून अजिजीने म्हणाली. "सगळेच दोन मागतात हो. मग मला बोलणी बसतात. आजींना काढू दे की दुसरं! बोलावू त्यांना?"

"नको," मी म्हटलं.

"अहो, गंमत वाटेल त्यांना. आजी..."

"नको म्हटलं ना."

माझा आवाज चढला असावा, कारण ती गप्प झाली. मी मूठ खणावर धरून बसले. रोज येऊन एकेक नेता येईल, असं मनात आलं. पण काका माझ्या डोळ्यांदेखत गेले होते. ताईला या जगात ओळखणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते तिकडे स्टुलावर बसलं होतं. मला ती फक्त एका दुपारी, एका तळहातावर भेटलेली. मी हाताची पकड थोडी ढिली केली. ताई निसटून खाली गेली. प्लॅस्टिकच्या त्या गर्दीत आवाजसुद्धा झाला नाही. मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी उरलेली मूठ घट्टच राहिली.

"बघू काय निघालं?" मुलीला पुन्हा उत्साह आला. मी तळहात उघडला. तिचा चेहरा पडला. "अय्या, हे तर वापरलेलं आहे. धागा लटकतोय बघा. बदलून देऊ?"

"नको."

"अहो, खरंच, चांगलं बघून देते. याचं काही नाही."

"नको. हेच असू दे."

"बरं." तिने तक्त्यावर बोट फिरवलं. "तपकिरी म्हणजे... घरात नवीन माणूस येणार!" तिने माझ्या पिकल्या केसांकडे पाहिलं आणि सावरून घेतलं. "म्हणजे सूनबाई वगैरे."

मी बटणाचे पैसे दिले. उशीचेही दिले, कारण सासूबाई ती सोडायला तयार नव्हत्या. मुलीने बटण एका चिमुकल्या पाकिटात घालून, वर फीत बांधून दिलं. मी ते पर्सच्या तळाशी ढकललं. सासूबाई स्टुलावरून उतरल्या, गल्ल्यावरून एकदा हात फिरवला, बोटं डोळ्यांजवळ नेऊन धूळ आहे का पाहिलं. नव्हती.

बाहेर आल्यावर त्या पहिल्याच बाकावर बसल्या. इतका वेळ धीर धरला होता.

"ठेवलंस?"

"ठेवलं."

"खण नीट लावलास ना? खालचा आहे, अडतो तो."

"लावला."

"सगळे आहेत आत?"

"आहेत."

"ताई?"

"ताई आहे," मी म्हटलं. "हाताला लागली माझ्या." हे खरं होतं, म्हणून पटकन बोलता आलं.

सासूबाईंचा हात उशीवर होता, सासऱ्यांच्या गळ्यातल्या टेपवर. "आणि लंबूला कुठे ठेवलंस? वरच्या वर टाकून नाही ना आलीस?"

"नाही. ताईच्या शेजारी ठेवलं."

"बरं केलंस गं," त्या म्हणाल्या. "फार बरं केलंस. दोघांची कधी भेटच नव्हती. हा झाला तेव्हा ती नव्हती. आता निदान ओळख होईल."

पर्स माझ्या मांडीवर होती. उद्या लॅबला दांडी मारून परत यायचं, हे मी तिथेच ठरवलं. ताईला न्यायला यायचं की याला ठेवायला, ते मात्र ठरेना.

"आणि हे बघ," सासूबाईंनी आपल्या स्वेटरचं वरचं बटण चिमटीत धरून मला दाखवलं. "माझं हे. हे दोघांच्या मधे ठेव. काकांकडे नको, तुझ्या सासऱ्यांकडेही नको, त्यांच्याजवळ जन्म काढलाय. पोरांच्या मधे. ठेवशील ना?"

"ठेवीन."

बटण सैल झालं होतं, एका धाग्यावर लोंबत होतं. वाऱ्याने त्यांचा गळा उघडा पडत होता.

"घरी गेल्यावर हे पक्कं लावून देते, आई," मी म्हटलं.

"कशाला पक्कं? उद्या तुलाच कापायचंय."

"तरी लावते," मी म्हटलं, आणि त्यांना उठवायला हात पुढे केला.